दहा घातले, सहा दिसले: द्राक्षाच्या नमुन्यात आयनांचे काय होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कीटकनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नुकत्याच रुजू झालेल्या एका रसायनतज्ज्ञाकडे द्राक्षे आणि बेदाण्याचे नमुने येतात. तपासणी एलसी-एमएस/एमएसवर होते. या यंत्रात आधी कॉलम नावाची नळी मिश्रणातली द्रव्ये वेगवेगळ्या वेळी बाहेर सोडते, मग त्यांचे आयन, म्हणजे भारित रेणू, वस्तुमानानुसार मोजले जातात. औषध नसलेल्या स्वच्छ द्राक्षात किलोला १० मायक्रोग्रॅम इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मुद्दाम घातले, तरी यंत्र ६ दाखवते. नुसत्या सॉल्व्हंटमधली (द्रावकातली) कॅलिब्रेशनची, म्हणजे माहीत असलेले प्रमाण आणि यंत्राचा आकडा यांची, रेषा मात्र एकदम सरळ आहे. शिवाय शुद्ध स्टँडर्ड, म्हणजे माहीत प्रमाणाचे औषध, सोडले तरी वस्तुमान २५६ च्या जोडीला २७८ वर पीक (आलेखातले शिखर) येते, मग मोजायचे कोणते? आणि अचूक वस्तुमान ५ पीपीएमच्या (दहा लाखांत ५ भागांच्या) आत जुळले की ओळख पक्की धरायची का?

तिन्ही प्रश्न मला एकाच जागी जाऊन मिळताना दिसतात. व्हायलमध्ये, म्हणजे नमुन्याच्या कुपीत, रेणू असतात आणि डिटेक्टरवर आयन आदळतात. या दोन टोकांच्या मध्ये जे घडते ते दर नमुन्यात सारखेच घडेल, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. पीकची उंची म्हणजे नमुन्यातले प्रमाण नव्हे. त्या क्षणी, त्या थेंबात, आजूबाजूच्या इतर रेणूंच्या गर्दीतून किती आयन सुटले आणि शेवटपर्यंत टिकले, एवढेच ती उंची सांगते.

आधी ६ चा हिशेब लावू. या आकड्यात दोन निराळे तोटे मिसळलेले असू शकतात. एक तोटा काढणीतला, म्हणजे औषध द्राक्षाच्या लगद्यातून अर्कात आलेच नाही. दुसरा आयनीभवनातला, म्हणजे औषध अर्कात आले, पण त्याचे आयन कमी बनले. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून त्यांची फोड केल्याशिवाय काही बदलू नका. फोड करायला तीन व्हायली पुरतात. २००३ साली मटुझेव्स्की आणि सहकाऱ्यांनी रक्तद्रवाच्या नमुन्यांसाठी मांडलेली ही पद्धत आता सगळीकडे वापरतात. 'अ' व्हायलमध्ये नुसत्या सॉल्व्हंटमधले स्टँडर्ड घ्या. 'ब' मध्ये स्वच्छ द्राक्षाचा तयार अर्क घ्या आणि त्यात तेवढेच औषध शेवटी घाला. 'क' मध्ये औषध लगद्यातच घाला आणि मग पूर्ण काढणी करा. समजा, 'अ' चे क्षेत्रफळ १०० धरले, 'ब' चे ६५ आले आणि 'क' चे ६० आले. 'क' भागिले 'ब' म्हणजे ९२ टक्के, ही तुमची खरी रिकव्हरी (काढणीत हाती आलेला वाटा), आणि ती उत्तम आहे. 'ब' भागिले 'अ' म्हणजे ६५ टक्के, याचा अर्थ ३५ टक्के सप्रेशन, म्हणजे आयन तेवढे दाबले गेले. अशा वेळी काढणीत काहीही सुधारून उपयोग नाही. औषध अर्कात आहे, त्याला भार मिळत नाही.

युरोपीय संघाची मार्गदर्शिका ७० ते १२० टक्के रिकव्हरी मान्य करते. मॅट्रिक्सचा, म्हणजे नमुन्यातल्या इतर द्रव्यांचा, परिणाम २० टक्क्यांच्या वर गेला, तर कॅलिब्रेशनमध्ये त्याची भरपाई करायला सांगते. आणि युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. तुमचे १० मायक्रोग्रॅम नेमके तेवढेच भरतात. त्यामुळे दहाचे सहा दिसणे हा कागदावरचा फरक राहत नाही, मर्यादेवरचा माल खाली असल्याचा दाखला त्यातून निघतो. पुढे तोच माल रॉटरडॅमच्या बंदरात दुसऱ्या प्रयोगशाळेने पुन्हा मोजला की नुकसान बागायतदाराचे. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाटच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती, ते नाशिक-सांगलीकडे आजही कोणी विसरलेले नाही. बागेत ज्याला सीसीसी म्हणतात, तेच हे वाढ रोखणारे औषध. त्याचा रेणू मुळातच धनभारित असल्यामुळे इलेक्ट्रोस्प्रेत (भारित फवाऱ्यातून आयन बनवण्याच्या पद्धतीत) १२२ वर छान दिसतो. पण नेहमीच्या, मेणट रेणू धरून ठेवणाऱ्या सी-१८ कॉलमवर तो थांबतच नाही, साखर आणि क्षारांच्या लोंढ्याबरोबर सुरुवातीलाच बाहेर पडतो. बहुअवशेष पद्धतीत असा रेणू सहज निसटतो, त्याला वेगळा कॉलम आणि वेगळी धाव लागते.

आता थेंबाकडे येऊ. सगळे तिथेच ठरते, म्हणून इथे जरा थांबतो.

सोर्समध्ये, म्हणजे आयन बनतात त्या भागात, सुईच्या टोकाला तीन-पाच हजार व्होल्ट दिलेले असतात. टोकाशी आलेला द्रव ताणला जाऊन शंकूसारखा होतो. १९६४ साली जी. आय. टेलर यांनी या शंकूचे गणित केले, म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात. त्याच्या अग्रातून बारीक धार निघते आणि तिचे थेंब होतात. धन पद्धतीत या थेंबांवर जादा धनभार असतो. थेंब उडत असताना गरम नायट्रोजनमुळे द्रावक उडून जातो, थेंब लहान होतो, भार मात्र तेवढाच राहतो. भार एकमेकांना ढकलतात आणि पृष्ठताण थेंबाला बांधून ठेवतो. ही झुंज कुठे सुटते ते लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्येच काढून ठेवले होते. एक मायक्रॉन त्रिज्येच्या पाण्याच्या थेंबाला त्या सूत्रात बसवले, तर तो सुमारे सव्वा लाख भार पेलू शकतो. मिथेनॉलचा पृष्ठताण बराच कमी, म्हणून तेवढाच थेंब सत्तर हजारांच्या आसपास फुटतो. थेंब फुटतो म्हणजे त्याचे दोन तुकडे होत नाहीत. त्याच्या अंगातून चिमुकल्या थेंबांची धार सुटते. ती वस्तुमानाचा दोनेक टक्केच भाग नेते, पण भार मात्र पंधरा टक्क्यांच्या आसपास घेऊन जाते. म्हणजे पुढच्या पिढीतले थेंब आकाराच्या मानाने जास्त भारित होत जातात आणि त्यांच्यात येतो तो मुख्यतः आधीच्या थेंबाच्या पृष्ठभागालगतचा द्रव. अशा काही पिढ्यांनंतर इमिडाक्लोप्रिडसारखा लहान आयन अतिसूक्ष्म थेंबाच्या पृष्ठभागावरून थेट वायूत सुटतो, असे इरिबार्न आणि थॉमसन यांचे १९७६ चे प्रारूप सांगते. मोठ्या प्रथिनांच्या बाबतीत थेंब पार सुकून उरलेला भार रेणूवर बसतो, ही माल्कम डोल यांची कल्पना जास्त लागू पडते. डोल यांनी १९६८ मध्ये पॉलिस्टायरीनवर हा प्रयत्न केला होता आणि कल्पना त्यांना सुचली ती मोटारींना विद्युतभारित फवाऱ्याने रंग देतात ते पाहून. पुढे येलमध्ये जॉन फेन यांनी ती पद्धत प्रथिनांसाठी चालवून दाखवली, आणि त्याबद्दल त्यांना २००२ चे नोबेल मिळाले.

या वर्णनातून आपल्या कामाची गोष्ट एकच निघते: भार मोजकाच असतो. हिशेब करून पाहा. फवाऱ्याचा प्रवाह ०.१ मायक्रोअँपिअर धरला, तर सेकंदाला साधारण ६० हजार कोटी भार सुटतात. आता मिनिटाला ५ मायक्रोलिटर वेगाने १० मायक्रोमोलर द्रावण सोडले, तर सेकंदाला ५० हजार कोटी रेणू येतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. या हद्दीच्या बऱ्याच खाली असेपर्यंत प्रमाण दुप्पट केले की पीकही दुप्पट होते, आणि तुमची सॉल्व्हंटमधली रेषा सरळ येते ती त्यामुळेच. हद्दीजवळ रेषा वाकायला लागते, कारण रेणू वाढले तरी त्यांना द्यायला भार उरत नाही. तुमचे इमिडाक्लोप्रिड या हद्दीच्या खूपच खाली आहे. पण अर्कात ते एकटे नाही. ग्रॅमला मिलिलिटर या हिशेबाने केलेल्या अर्कात औषध मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम असते, आणि द्राक्षातून आलेली इतर द्रव्ये मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असली, तरी ती औषधाच्या लाखपट झाली. कॉलम यातली बहुतेक गर्दी आधी किंवा नंतर बाहेर काढतो. जी औषधाच्या वेळेलाच बाहेर पडते, ती भारासाठी त्याच्याशी भांडते.

या भांडणात संख्येइतकीच जागाही महत्त्वाची असते. जादा भार थेंबाच्या पोटात राहत नाही, पृष्ठभागावर राहतो. मिशिगनच्या क्रिस्टी एन्के यांनी १९९७ मध्ये नेमके हेच समीकरणात बसवले: ज्या आयनाचा ओढा पृष्ठभागाकडे जास्त, त्याला भाराचा वाटा जास्त. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणारे जसे जागा धरतात, तसे मेणट शेपटीचे रेणू पृष्ठभाग धरून बसतात. पाण्यात रमणारा, थेंबाच्या पोटात राहणारा रेणू प्रमाणात कितीही असो, उभाच राहतो. रक्तद्रवात काम करणाऱ्यांना फॉस्फोलिपिड छळतात ते याचमुळे. ते लोक १८४ चा फॉस्फोकोलीनचा आयन मुद्दाम नजरेखाली ठेवतात, म्हणजे लिपिड कोणत्या मिनिटाला बाहेर पडतात ते कळते. द्राक्षात तो त्रास कमी, पण सालीवरची मेणे, रंगद्रव्ये आणि बेदाण्यातली आटलेली साखर ही जागा भरून काढतात.

तुमच्या धावेत सप्रेशन नेमके कोणत्या मिनिटाला आहे, हे पाहायचा एक सुंदर प्रयोग आहे आणि तो प्रत्येक नव्या माणसाने एकदा तरी करावा असे मला मनापासून वाटते. कॉलमनंतर, सोर्सच्या आधी टी-जोड लावा. सिरिंज पंपाने इमिडाक्लोप्रिडचे पातळ द्रावण सतत सोर्समध्ये सोडत राहा. पडद्यावर आडवी रेष येईल. आता कॉलमवर औषध नसलेल्या द्राक्षाचा अर्क इंजेक्ट करा. रेष जिथे खचते, तिथे अर्कातून काहीतरी बाहेर पडून तुमच्या औषधाचे आयन दाबते आहे. पहिल्या मिनिटभरात तर मोठा खड्डाच दिसेल, कारण साखर आणि क्षार तेव्हा बाहेर येतात. त्यानंतरचे खड्डे जास्त उद्बोधक असतात. तुमचे पीक एखाद्या खड्ड्यात बसले असेल, तर ग्रेडियंट, म्हणजे द्रावकांचे बदलत जाणारे प्रमाण, थोडा ओढून ते बाहेर काढता येते. हे चित्र एकदा डोळ्यांनी पाहिले की मॅट्रिक्स इफेक्ट हा शब्द अहवालातला रकाना राहत नाही.

उपायांत माझे झुकते माप पातळ करण्याला आहे. अर्क दहापट पातळ करा आणि 'ब' भागिले 'अ' पुन्हा काढा. औषधही दहापट कमी होते हे खरे, पण गर्दीही तेवढीच कमी होते आणि भार पुन्हा पुरायला लागतो. आजची ट्रिपल क्वाड्रुपोल यंत्रे इतकी संवेदनशील आहेत की दहापट पातळ करूनही किलोला १० मायक्रोग्रॅम बहुधा आरामात दिसतात. पातळ केल्याने सोर्सही कमी घाण होतो, तो फायदा वेगळाच. लोक हे टाळतात, कारण पीक लहान दिसणे मनाला पटत नाही. पण दाबलेल्या मोठ्या पीकपेक्षा न दाबलेले लहान पीक केव्हाही चांगले.

पातळ करून भागत नसेल, तर कॅलिब्रेशन स्वच्छ द्राक्षाच्या अर्कातच करा. यात अडचण एवढीच की थॉम्पसन सीडलेसचा अर्क काळ्या द्राक्षाला चालेलच असे नाही, आणि ताज्या द्राक्षाचा बेदाण्याला तर नाहीच. सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे समस्थानिक घातलेला इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे काही अणू जड असलेला तोच रेणू, प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घातलेला. इमिडाक्लोप्रिड-डी४ (चार हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरिअम) बाजारात मिळतो. तो औषधाबरोबरच बाहेर पडतो, त्याच थेंबात बसतो आणि तेवढाच दाबला जातो, त्यामुळे दोघांचे गुणोत्तर टिकते. एक बारकावा लक्षात ठेवा. ड्युटेरिअम असलेला रेणू सी-१८ वर किंचित आधी बाहेर पडतो. ड्युटेरिअम जितके जास्त, तितके हे अंतर वाढते, आणि खड्ड्याची कड नेमकी त्या दोघांच्या मध्ये आली तर गुणोत्तर बिघडते. कार्बन-१३ चे स्टँडर्ड महाग असतात, पण त्यांच्यात ही खोट नसते.

क्वेचर्स या काढणीच्या पद्धतीतली सफाई वाढवणे हा उपाय शेवटी ठेवा. ॲनास्टासिआडेस आणि लेहोटे यांनी २००३ मध्ये ही पद्धत आणली, तेव्हा तिचा जीव साधेपणातच होता. सफाईसाठी घालायच्या भुकट्यांपैकी पीएसए सेंद्रिय आम्ले आणि थोडी साखर धरते, सी-१८ मेणे धरते. रंग घालवायला कार्बन टाकायचा मोह मात्र आवरा. कार्बन सपाट रेणू घट्ट पकडतो, आणि कार्बेन्डाझिमसारखे औषध त्याला चिकटून नाहीसे होते. अर्क काचेसारखा स्वच्छ दिसतो आणि अहवालही तितकाच स्वच्छ जातो, चुकीचा!

दुसरा प्रश्न २५६ आणि २७८ चा. इमिडाक्लोप्रिडचे एकसमस्थानिक वस्तुमान (प्रत्येक मूलद्रव्याचा मुख्य समस्थानिक धरून) २५५.०५२३. त्याला प्रोटॉन चिकटला की २५६.०५९६, सोडिअम चिकटला की २७८.०४१५, पोटॅशिअम चिकटला तर २९४.०१५५. रेणू तोच, सोबती वेगळा. मोजायचे ते प्रोटॉनवालेच, आणि कारण तुटण्यात आहे. प्रोटॉन रेणूवर एका जागी बसून राहत नाही. यंत्रात वायूशी धडक बसून ऊर्जा मिळाली की तो सरकतो आणि ज्या बंधाजवळ जातो तो बंध कमकुवत करतो. म्हणून २५६ पासून २०९ आणि १७५ हे ठरावीक तुकडे मिळतात. १७५ मध्ये नायट्रो गट आणि क्लोरीन दोन्ही गेलेले असतात, त्यामुळे हा तुकडा ओळखीला फार उपयोगी आहे. सोडिअमचा आयन असा फिरत नाही. तो ऑक्सिजन-नायट्रोजनच्या बेचक्यात अडकून बसतो, आणि ऊर्जा फारच वाढवली तर स्वतःच सुटून २३ वर निघून जातो. हातात तुकडा काहीच लागत नाही.

दोन्ही पीकची बेरीज करावी का, असे बरेच जण विचारतात. करू नये. सोडिअमचे प्रमाण तुमच्या हातात नसते. ते काचेच्या बाटलीतून झिरपते, मिठातून येते, नमुन्यातून येते, आणि सकाळी वेगळे तर संध्याकाळी वेगळे असते. त्याऐवजी सोडिअमची सोबतच तोडा. मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकात) ५ मिलिमोलर अमोनिअम फॉर्मेट आणि ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल ठेवा. अमोनिअम भरपूर असला की सोडिअमचा वाटा घटतो आणि थेंब सुकताना अमोनिआ उडून जाऊन प्रोटॉन मागे राहतो. मोबाइल फेजच्या बाटल्या साबणाने कधीही धुऊ नका. साबणातले पॉलिएथिलीन ग्लायकॉल महिनोन्‌महिने निघत राहते आणि ४४.०२६२ च्या अंतराने शिखरांची रांग लावते. त्या रांगेतले एक ३७१.२२७६ वर असते. गंमत म्हणजे हवेतल्या सिलिकोनचेही एक शिखर ३७१.१०१२ वर येते. क्वाड्रुपोलला दोन्ही ३७१ च दिसतात. अचूक वस्तुमान मोजणारे यंत्र असेल तर लगेच कळते की दोष बाटलीत आहे की सोर्समध्ये शिरणाऱ्या हवेत.

काही रेणूंचा प्रोटॉनवाला आयनच टिकत नाही. अल्डिकार्ब हे कीटकनाशक त्याचे नेहमीचे उदाहरण. प्रोटॉन मिळताच तो सोर्समध्येच मोडतो, म्हणून त्याला अमोनिअमसकट २०८ वर पकडतात आणि २०८ चा ११६ हा तुकडा मोजतात. अमोनिअम फॉर्मेटऐवजी नुसते फॉर्मिक आम्ल वापरणाऱ्या प्रयोगशाळेला अल्डिकार्ब कमी दिसला, तर त्यात आश्चर्य नाही. सोर्समधल्या या मोडतोडीवर व्होल्टेजचा मोठा हात असतो. तुमच्या यंत्रात त्याला कोन व्होल्टेज म्हणत असतील किंवा डीक्लस्टरिंग पोटेन्शिअल, पण ते पायरीपायरीने वाढवत एकदा २५६ आणि १७५ चा आलेख काढून ठेवा. १७५ जिथे डोके वर काढू लागतो, त्याच्या बरेच अलीकडे थांबायचे.

भार कुठे बसतो तेही द्रावकावर ठरू शकते, हे मला या विद्येतले सर्वांत विलक्षण वाटते. ४-अमिनोबेन्झोइक आम्लाला पाण्यात प्रोटॉन नायट्रोजनवर हवा असतो, वायूत मात्र ऑक्सिजनवर. २००९ मध्ये टियान आणि कास यांनी दाखवले की मिथेनॉल-पाण्यातून फवारले तर ऑक्सिजनवाला आयन मिळतो आणि ॲसिटोनायट्राइलमधून फवारले तर नायट्रोजनवाला. वस्तुमान एकच, पण तुटण्याची तऱ्हा वेगळी. तेव्हा ग्रेडियंट बदलल्यावर एखाद्या औषधाच्या दोन तुकड्यांचे प्रमाण सरकले, तर लगेच भेसळीचा संशय घेऊ नका. स्टँडर्डही त्याच द्रावकात पुन्हा चालवून बघा.

तिसरा प्रश्न ५ पीपीएमचा. याचे उत्तर औषधनिर्मितीतल्या एका प्रसंगातून द्यावे असे वाटते, कारण त्यात सगळे आकडे हातात आहेत. २०१८ मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे नायट्रोसअमाइन, एक कर्करोगकारक अशुद्धी, सापडले आणि जगभर शोधाशोध सुरू झाली. पुढे मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचीही पाळी आली. २०२० मध्ये एका खासगी प्रयोगशाळेने मेटफॉर्मिनमध्ये कळवलेले एनडीएमएचे आकडे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने स्वतः तपासले, तेव्हा ते वाढीव निघाले. घोळ डीएमएफ या द्रावकाचा होता.

प्रोटॉनसह एनडीएमएचे वस्तुमान ७५.०५५३. डीएमएफचे ७४.०६००, म्हणजे वरकरणी काही संबंध नाही. पण निसर्गातल्या नायट्रोजनमध्ये ०.३७ टक्के नायट्रोजन-१५ असतो, आणि तो असलेला डीएमएफ ७५.०५७१ वर येतो. अंतर ०.००१८, म्हणजे २४ पीपीएम. कार्बन-१३ वाला डीएमएफ ७५.०६३४ वर असतो, तो सहज वेगळा काढता येतो. नायट्रोजन-१५ वाला तसा निघत नाही. एनडीएमएची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. दोन ग्रॅम मेटफॉर्मिनच्या मात्रेला हे ०.०४८ पीपीएम पडते (इथे पीपीएम म्हणजे गोळीतले प्रमाण). गोळीत डीएमएफ फक्त २० पीपीएम असला, तरी त्याचा नायट्रोजन-१५ वाला हिस्सा ०.०७४ पीपीएम होतो. आणि डीएमएफची मान्य मर्यादा तर ८८० पीपीएम आहे! म्हणजे नियमात बसणारे द्रावक एका दुर्मीळ समस्थानिकाच्या आडून कर्करोगकारक अशुद्धी असल्याचे भासवू शकते.

आता कोणी म्हणेल, २४ पीपीएमचे अंतर आहे, माझी खिडकी, म्हणजे मान्य फरक, ५ पीपीएमची, मग भीती कशाची? खिडकीची रुंदी आणि यंत्राची पृथक्करणक्षमता (जवळची पीक वेगळी दाखवण्याची ताकद) या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ७५ वर ०.००१८ चे अंतर फोडायला निदान ४२ हजार क्षमता लागते. ऑर्बिट्रॅपवर (आयन सापळ्यात फिरवून वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) वस्तुमान २०० ला १७,५०० ठेवली असेल, तर ७५ वर ती २८ हजारांच्या आसपास भरते, कारण तिथे ती वस्तुमान-भार गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. एवढ्याने पीकची रुंदी ०.००२६ होते आणि दोन्ही आयन एकाच पीकमध्ये मिसळतात. मिसळलेल्या पीकचा मध्य दोघांच्या प्रमाणानुसार मध्येच कुठेतरी पडतो, आणि तो तुमच्या खिडकीत पडू शकतो. ३५,००० ठेवले तर जेमतेम फुटतात, तेही दोन्ही पीक सारख्याच उंचीची असतील तर. अशा कामाला ७०,००० ठेवावे, आणि त्याहीपेक्षा आधी कॉलमवरच डीएमएफ आणि एनडीएमए वेगळे करावेत. सापळ्यात आयनांची फार गर्दी झाली, तर त्यांचे भार एकमेकांना ढकलून वस्तुमान सरकवतात आणि अगदी जवळचे दोन आयन एकत्र फिरू लागतात. त्यामुळे क्षमता वाढवून एकाच वेळी सापळाही गच्च भरला, तर मिळवलेले घालवल्यासारखे होते.

लहान वस्तुमानावर आणखी एक चूक नेहमी आढळते. अपेक्षित आकडा काढताना रेणूत हायड्रोजनच्या अणूचे १.००७८ मिळवतात. मिळवायचे असते प्रोटॉनचे १.००७३. मधला फरक इलेक्ट्रॉनचा, ०.०००५५. ५०० वर तो एक पीपीएमचाच असतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. ७५ वर तो ७ पीपीएम होतो आणि खरा आयन ५ पीपीएमच्या खिडकीबाहेर फेकला जातो. युरोपची मार्गदर्शिकाही २०० च्या खाली पीपीएमऐवजी एक मिलिडाल्टनची (वस्तुमानाच्या ०.००१ एककाची) सूट धरते.

तुमच्या द्राक्षांसाठी याचा अर्थ इतकाच, की अचूक वस्तुमान हा एक पुरावा आहे. त्याच्या जोडीला बाहेर पडण्याची वेळ ०.१ मिनिटाच्या आत जुळली पाहिजे. २०९ आणि १७५ चे परस्परप्रमाण स्टँडर्डच्या ३० टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे, आणि दोन्ही तुकड्यांची पीक एकाच वेळी वर जाऊन एकाच वेळी खाली आली पाहिजेत. इमिडाक्लोप्रिडमध्ये क्लोरीन आहे ही तर फुकटची देणगी. पूर्ण स्कॅनमध्ये २५८.०५६६ वर २५६ च्या साधारण एक-तृतीयांश उंचीचे पीक दिसायलाच हवे. ते नसेल, तर २५६.०५९६ कितीही तंतोतंत जुळो, ते इमिडाक्लोप्रिड नाही.

सुरुवात तीन व्हायलींपासून करा, आणि ताज्या द्राक्षाची वेगळी, बेदाण्याची वेगळी. ताज्या द्राक्षात 'ब' भागिले 'अ' ८० टक्क्यांच्या वर आले, तर सप्रेशनचा विषय मिटला, दोष काढणीत शोधा. बेदाण्यात रिकव्हरी कमी आली, तर सगळ्यात आधी पाणी तपासा. क्वेचर्स ओल्या मालासाठी बांधलेली पद्धत आहे. सुका माल दळताना किंवा दळल्यावर त्यात पाणी घालून अर्धा तास भिजवला नाही, तर ॲसिटोनायट्राइल आतपर्यंत पोहोचत नाही. औषध बेदाण्यातच राहते, आणि त्याचा दोष आयनांवर येतो.